ठोका थांबल्यावर

डोंगराच्या कडेवर उन्हाची पहिली रेघ उमटण्यापूर्वी विश्वंभर करडे स्नान आटोपून गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसत. स्नान करूनच बसावे असा नियम उपचारकेंद्राने घातलेला नव्हता; तो त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. समोर तिपाईवर पानाच्या डब्याएवढी एक काळसर पेटी असे आणि डाव्या दंडावर रुपयाएवढी एक पातळ चकती चिकटवलेली असे. ती चकती त्वचेवरच्या घामाचा सूक्ष्म अंश तपासत राही. कालपासून आजपर्यंत शरीरात मद्याचा थेंबही गेलेला नाही अशी तिची खात्री पटली, की पेटीच्या झाकणावर हिरवा ठिपका उमले.

मग पेटी उघडे.

आधी येई तो नवसागराचा वास. तापल्या भांड्यात कल्हईवाल्याने नवसागराची पूड टाकली की जो पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठतो, तो. त्याच्या पाठोपाठ कोळशाचा, आणि मग चिंचेच्या कोळाने घासलेल्या ओल्या तांब्याचा. एवढे झाल्यावर कानामागच्या हाडातून थेट मस्तकात उतरे तो ठोक्यांचा नाद. आधी एका घरातला, मग भिंतीपलीकडचा, मग अवघ्या आळीचा. विश्वंभर पंचविशीत होते तेव्हाची कसब्यातली तांबट आळी अशी रोज सकाळी जागी होई, आणि बहात्तर वर्षांचा तो वृद्ध डोळे मिटून तिच्या उंबरठ्यावर बसून राही.

प्रत्यक्षातली आळी केव्हाच मुकी झाली होती. शतक अर्ध्यावर आले होते. करड्यांचा कारखाना जिथे होता तिथे आता मोटारी विजेने भरून घेण्याचा तळ होता, आणि विश्वंभर आपल्या मुलीकडे, शर्मिष्ठेकडे, शहराबाहेरच्या एका मनोऱ्यात अठराव्या मजल्यावर राहत होते.

"बाबा, चहा!" आतून हाक आली.

थोड्या वेळाने पुन्हा हाक आली.

"बाबा, चहाचं सरबत झालंय. बर्फ टाकून आणू का?"

जन्मभर तांबे ठोकणाऱ्याचे कान अर्धे गेलेलेच असतात, हे शर्मिष्ठेला लहानपणापासून ठाऊक होते. पण वडिलांचे हे न ऐकणे कानांचे नव्हते, हेही तिला आता कळू लागले होते. ती कप घेऊन दाराशी आली. वडिलांच्या चेहऱ्यावर असे काही समाधान पसरलेले होते, की तिला क्षणभर बरे वाटले आणि दुसऱ्याच क्षणी कसनुसे झाले. कप तिपाईवर ठेवून ती आत गेली.

ही पेटी घरात कशी आली, ते आधी सांगितले पाहिजे.

कारखाना बंद पडला आणि पुढे पत्नी कुमुदिनी गेली, त्यानंतर विश्वंभरांची संध्याकाळची सवय दुपारवर आणि दुपारची सकाळवर आली. औषधे झाली, शपथा झाल्या, गंडेदोरेही झाले. शेवटी शर्मिष्ठेने त्यांना डॉ. यामिनी गोगट्यांच्या केंद्रात नेऊन बसवले. डॉक्टर चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या.

"काका, दारू सोडा म्हणून तुम्हाला आजवर कुणीकुणी सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं ते विचारा, बाई. यादी लहान होईल."

डॉक्टर हसल्या. "मी नाही सांगणार. मी फक्त सौदा करणार. नाही प्यायलात, तर त्याच दिवशी काहीतरी मिळेल."

"लाच?"

"बक्षीस. ऐका, यात फसवणूक काही नाही." आणि मग त्यांनी जे समजावले त्याचा सारांश असा. माणसाच्या मेंदूत सुखाचा हिशेब ठेवणारी एक जुनी यंत्रणा आहे. तिची दृष्टी अधू असते. हाताशी असलेला लाभ तिला मोठा दिसतो आणि लाभ जितका दूर जाईल तितका लहान. पेला हाताशी असतो. निरोगी म्हातारपण, मुलीचा विश्वास, ही फळे क्षितिजावरची. व्यसनाने ही दृष्टी आणखीच मंद होते. अशा मनाला उपदेश करणे म्हणजे अंधाला नकाशा दाखवणे. म्हणून संयमाचेच फळ हाताशी आणून द्यायचे: तत्काळ, निश्चित, दर वेळी थोडे वाढत जाणारे, आणि एकदा ढळलात तर पुन्हा पहिल्या पायरीवर उतरणारे. पाऊणशे वर्षे ही रीत चालत आली होती आणि गुणकारी ठरली होती.

"पूर्वी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला द्यायचे," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाला सिनेमाचं तिकीट निघायचं, कुणाला पातेलं."

"तांबटाला पातेलं?" विश्वंभर म्हणाले. "डॉक्टरीणबाई, त्यापेक्षा मी पितो."

"म्हणून तर तुम्हाला पातेलं देणार नाही."

नवे होते ते एवढेच. कोणत्या वस्तूने कोणाचे मन सर्वांत जास्त उजळते, हे मेंदूच्या आलेखावरून आता अचूक कळू लागले होते. आणि कळले ते असे, की बहुतेकांना धनापेक्षा, मिष्टान्नापेक्षा स्वतःचाच एखादा हरवलेला काळ अधिक प्रिय असतो. गंधाची वाट तर स्मृतीच्या गाभाऱ्यात थेट उतरते. मधे कोणाची परवानगी लागत नाही. विश्वंभरांचा आलेख नवसागराच्या वासाने दिवाळीसारखा पेटला. मग केंद्रातल्या तंत्रज्ञांनी जुन्या भांड्यांच्या तळाची पुटे खरवडून त्यांतले गंध घडवले. कोणे एके काळी एका महाविद्यालयीन मुलीने आळीतला आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, तो मिळवला. विश्वंभरांना तासन्‌तास बोलते केले. या सगळ्यातून थरांवर थर चढवत आळी उभी झाली. रोज एक थर अधिक. ढळलात, तर पुन्हा फक्त धूर.

आणि विश्वंभर ढळले नाहीत. हाताची थरथर ओसरली, डोळ्यांतला पिवळेपणा गेला. पेटी नसती तर हे कदापि घडले नसते, हे शर्मिष्ठाही नाकारत नव्हती.

पण एकदा जेवताना तिचा तोल गेलाच. ती तिच्या कार्यालयातली हकीकत सांगत होती. विश्वंभर वाटीच्या काठावर नखाने हलकेच ठोका धरून बसले होते.

"मी काय म्हणाले आत्ता?"

"अं?"

"बाबा, बाटली होती तेव्हा निदान भांडायला तरी तुम्ही घरात असायचात."

विश्वंभरांनी वाटीवरचा हात काढला. त्यांना काही बोलायचे होते, परंतु जे सांगायचे ते असे होते, की वरच्या थरांत आता तुझी आई यायला लागली आहे. दाराआड तिच्या बांगड्या वाजतात. चिंच कोळण्याचा आवाज येतो. अजून ती दिसलेली, बोललेली नाही. आणखी थोडे थर, की ती उंबरठ्यावर येईल. हे मुलीला सांगायचे कसे?

केंद्रात दर आठवड्याला सगळे रुग्ण एकत्र बसत. तिथे विश्वंभरांची गट्टी जमली ती हरिभाऊ घाऱ्यांशी. हरिभाऊ एसटीचे निवृत्त चालक. त्यांच्या पेटीत आंबोलीचा घाट होता. डिझेलचा वास, धुके, आणि पाठीमागे कंडक्टरची घंटी.

"काय करडे, पेटी कधी परत द्यायची तुमची?"

"पुढच्या पंधरवड्यात."

"मग?"

"मग काय? संपलं."

हरिभाऊ खुर्ची सरकवून जवळ आले. "अहो, कशाला संपतंय! मी तिसऱ्यांदा आलोय इथं. पेटी गेली की एक घोट घ्यायचा. एकच. दंडावरची चकती वर्षभर ठेवतातच, ती बोंब मारते. हे लोक धावत येतात, फेरप्रवेश देतात. फेरप्रवेश म्हणजे नवी पेटी."

"आणि तो एक घोट एकच राहतो?"

हरिभाऊंनी नजर खिडकीकडे वळवली. "पहिल्या वेळी राहिला," ते म्हणाले. "दुसऱ्या वेळी बायको माहेरी गेली ती आलीच नाही. पण खरं सांगू? घाटात धुकं उतरतं ना, तेव्हा आठवतही नाही ते."

विश्वंभरांना त्या माणसाची कीव आली. त्याहून अधिक त्यांना धास्ती वाटली, कारण ती युक्ती त्यांनी मनात नीट घडी घालून ठेवली होती.

शेवटच्या थराची सकाळ आली. त्या दिवशी आळी इतकी सगुण साकार झाली, की भट्टीची धग गालाला जाणवली. विश्वंभर घंगाळाला मठार देत बसले होते. म्हणजे गुळगुळीत हातोडीने ठोके अगदी जवळजवळ घालून तांब्यावर ती सुबक, चकाकती नक्षी उठवत होते. दाराआड बांगड्या वाजल्या. पाटावरून कोणी उठल्याची चाहूल लागली. ठोके पडत राहिले, पडत राहिले. आणि कुमुदिनी आली नाही. हिरवा ठिपका मावळला.

त्याच दुपारी ते एकटेच केंद्रात गेले.

"ती का येत नाही, बाई?"

डॉक्टरांनी त्यांना बसवले, पाणी दिले, सगळे थर तपासले. "सगळं जागेवर आहे, काका. तुम्ही सांगितलेलं त्यांचं वाक्यसुद्धा आहे. 'का हो, थांबलात?' असं. पण ते उठतच नाही. ते कधी म्हणायच्या त्या?"

"थांबलो की."

"कशाचं थांबणं?"

"ठोका हो! ठोका थांबला की." विश्वंभर हातवारे करू लागले. "आमच्या आळीत भिंतीला भिंत. प्रत्येकाचा ठोका शेजाऱ्याला पाठ. कोणाचा अवेळी थांबला की दुसरा हातोडी ठेवून डोकावायचा. बोट चेचलं का, भोवळ आली का, कुणी गेल्याची बातमी आली का. 'का रे, थांबलास?' विचारायचं, हीच रीत. सगळं ठीक असेल तर आपण म्हणायचं, 'भांडं ऐकतोय.' म्हणजे टिचकी मारून बघतोय, नाद सारखा उठतो का. मग तो जायचा. आमच्या घरात ही यायची. हात चिंचेत असले तर पोरीला पाठवायची, 'शर्मे, बघ गं बाबा का थांबले.' पुढे आळी रिकामी होत गेली. थांबलेला ठोका ऐकणारी शेवटी ही एकटीच उरली होती."

डॉक्टरांनी पडद्यावरची ध्वनिरेषा मोठी केली. एकसारखी शिखरे, कुठेही खंड नाही. मग त्यांनी मूळ मुद्रण काढून तिच्याशेजारी लावले.

"आमच्या तंत्रज्ञ मुलांनी मधल्या जागा काढून टाकल्यात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मूळ मुद्रणात मधेमधे शांतता होती. त्यांना वाटलं, ती निरुपयोगी. जोडून टाकली. तुमच्या पेटीतला ठोका कधी थांबतच नाही, काका."

"मग ती येईल कशी!"

"चूक आमची आहे."

"दुरुस्त होईल?"

खोटे बोलणे डॉक्टरांच्या स्वभावात नव्हते. "होईल. पण तुमचा उपचार परवा पूर्ण होतोय. पेटीची नव्याने बांधणी फक्त नव्या प्रवेशाच्या वेळी होते, असा नियम आहे. आणि तुम्हाला नवा प्रवेश कधीच लागू नये, अशी माझी इच्छा आहे. काका, पेटी ही नदीवरची होडी. पलीकडे गेल्यावर ती डोक्यावर घेऊन चालायचं नसतं. पलीकडे काय आहे तुमच्या?"

विश्वंभरांच्या मनात घडी घालून ठेवलेली हरिभाऊंची युक्ती आपोआप उलगडली होती. एक घोट. एकच. मग नवी बांधणी. ठोक्यांच्या मधे शांतता. आणि त्या शांततेत, उंबरठ्यावर, ती.

पेटी परत गेली त्या सकाळी शर्मिष्ठेने वडिलांना डोळे मिटायला लावले. उघडले तेव्हा गॅलरीत ऐरण मांडलेली होती, शेजारी हातोड्या, आणि कापडात गुंडाळलेले ते अर्धवट घंगाळ. कारखाना बंद पडला त्या दिवशी निम्म्याच अंगाला मठार झालेले. इतकी वर्षे ते तिने सांभाळून ठेवले होते.

"सोसायटीची परवानगी काढलीय. सेक्रेटरी म्हणाले, दुपारची झोप सोडून कधीही ठोका."

"पुण्यात झोप सोडून उरतं काय?" विश्वंभर म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी दोघेही हसले. परंतु त्यांचे डोळे रिकाम्या तिपाईवर खिळले होते, हे तिने पाहिले.

चार दिवस घंगाळाला त्यांनी हात लावला नाही. सकाळी उठून स्नान करून ते त्याच खुर्चीत बसत. ठिपका नाही, धूर नाही. पाचव्या दिवशी फिरून येतो म्हणून गेले, ते अंगरख्याआड एक छोटी बाटली घेऊन आले.

ऊन कलले होते. शर्मिष्ठा पलीकडच्या खोलीत कामाच्या बैठकीत गुंतली होती. कानाला यंत्र, दार लोटलेले. विश्वंभर ऐरणीपाशी बसले. बाटलीच्या झाकणाला धातूची कडी होती. ती तुटताना कट्‌ असा आवाज होणार. मुलीला कळू नये म्हणून त्यांना एक कल्पना सुचली: थोडा वेळ ठोकत बसावे. म्हातारा कामाला लागला, असे समजून ती निर्धास्त होईल. मग उरकून घेता येईल.

त्यांनी घंगाळ ऐरणीवर चढवले आणि हातोडी उचलली. पहिले ठोके वेडेवाकडे पडले. मग मनगटाला आपले जुने वळण आठवले. निरभ्र तांब्यावर एकेक पैलू उठू लागला. ठोक्यामागे ठोका, अंतर समान, नाद समान. हा नाद हाडातून येत नव्हता. तळहातातून दंडात, दंडातून छातीत चढत होता. क्षणभर त्यांना कशासाठी बसलो आहोत याचाही विसर पडला.

मग आठवले. त्यांनी हातोडी मांडीवर ठेवली आणि अंगरख्याआड हात घातला.

गॅलरीत शांतता पसरली. झाकणावर अंगठा टेकला.

"का हो, बाबा, थांबलात?"

विश्वंभरांनी मान वर केली. शर्मिष्ठा उंबरठ्यावर उभी होती. कानातले यंत्र तिने काढून मुठीत धरले होते. आपण बैठक अर्धी सोडून का उठलो, हे तिलाही ठाऊक नसावे. लहानपणी चिंचेत हात असलेल्या आईने जिला शंभरदा धाडले होते, तिचे पाय तिला विचारल्यावाचून चालत आले होते.

तिची नजर बाटलीवर गेली. तिचा खालचा ओठ, कुमुदिनीचा थरथरे तसा, थरथरला.

विश्वंभरांनी तिच्याकडे पाहिले. पेटीतल्या आळीत ज्या चाहुलीची त्यांनी इतक्या सकाळी वाट पाहिली, ती चाहूल भिंतीपलीकडे सारा वेळ होती. त्यांच्या बाजूने ठोका सुरू व्हायचा राहिला होता, आणि थांबायचा.

त्यांनी बाटली पुढे केली. झाकण शाबूत होते.

"हे घेऊन जा," ते म्हणाले. "आणि ओत. मी बघायला येत नाही, मला जमायचं नाही."

ती गेली. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि आवाजात खास तिच्या आईचा करडेपणा होता. "बैठक बुडवलीत माझी. साहेबांना काय सांगू?"

"सांग, बापाचा ठोका थांबला होता."

"त्यांना काय कळतंय!" असे म्हणून ती ऐरणीसमोर मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी तिने घंगाळ धरले. "फिरवू?"

"सावकाश. मी म्हणेन तेव्हाच."

घंगाळ पुरे व्हायला पावसाळा उजाडला. डॉक्टर एकदा चकती तपासायला घरी आल्या, तेव्हा त्यांना एक गमतीची गोष्ट दिसली. म्हातारा चांगला लयीत ठोकत असे आणि मधेच, काही कारण नसता, हातोडी उचललेलीच ठेवून थांबे. चेहऱ्यावर खोडकर पोराचा भाव.

"दुखतंय का हात?" डॉक्टरांनी विचारले.

विश्वंभरांनी ओठांवर बोट ठेवले आणि आतल्या खोलीकडे कान केला. त्या अर्ध्या गेलेल्या कानांना मोटारींचा घरघराट ऐकू येत नसे, दारावरची घंटा ऐकू येत नसे. पण भांड्यांची खळखळ थांबली, ते त्यांना बरोबर ऐकू आले.

"का हो, बाबा?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"काही नाही गं," ते मोठ्याने म्हणाले. "भांडं ऐकतोय."